अर्ध्या घराचा फरक

कांचन, तू मुद्दाम केलंस. रविवारीच गेलीस, आणि तेही सकाळी. दुपारी जेवणं उरकल्यावर आपला फोन असतो हे काय तुला माहीत नव्हतं? पन्नास वर्षांच्या वर चाललेलं भांडण, आणि त्या रविवारी बोलायची पाळी माझी होती. कॅलेंडरच्या मागच्या पानावर मी पेन्सिलीनं मुद्दे काढून ठेवले होते. फोन वाजला, मी मुद्द्यांसकट उचलला, तर पलीकडे तुझी सून. असं भांडण अर्ध्यावर टाकून कुणी जातं का गं?

तुझ्या उठावण्याच्या शोकसभेला मी जळगावला आले. एसटीनं, नातीला घेऊन. सईला तू ओळखतेसच, कॉम्प्युटरवर काम करते ती. मेहरूणच्या तुझ्या घरी बायकांनी खोली भरलेली होती. तुझ्या सुनेनं मला पुढे नेऊन बसवलं आणि सगळ्यांना सांगितलं, "या मम्मींच्या अकरा-चार मावशी."

एक बाई म्हणाली, "अकरा-चार? हे कसलं नाव?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. त्या वेळी मला सांगता आलं असतं, कांचन. सगळं सांगता आलं असतं. मी म्हटलं, "अहो, शाळेतली जुनी गंमत." आणि पाण्याचा पेला उचलून तोंडाला लावला.

म्हणजे बघ, दुसऱ्यांदा. पहिल्यांदा गप्प बसले तेव्हा मी तेवीस वर्षांची होते, अक्कल आली नव्हती म्हणून सोडून देता येईल. आता काय सबब सांगू?

त्या तेवीस वर्षांच्या इंदूचा मला फार वैताग येतो. ट्रेनिंग कॉलेजचं प्रमाणपत्र, दोन वेण्या सोडून नुकताच घालायला लागलेला अंबाडा, कडक इस्त्रीचं पातळ, आणि जगातली प्रत्येक गोष्ट आपल्याला विचारून होते असा समज. धुळ्याच्या देवपुरातल्या त्या मुलींच्या शाळेत मी कायम झाले होते आणि तू हंगामी. हे मी तुला दिवसातून एकदा तरी आठवण करून द्यायचे. आज ती पोरगी समोर आली तर मी तिला वर्षभर फळा पुसायला लावीन.

तू मात्र शिकवायला यायचीस ती सणाला आल्यासारखी. कापडाच्या पेढीवाल्या मारवाडी घरातली मुलगी नोकरी करते, हे तेव्हा धुळ्यात कुणी ऐकलंही नव्हतं. तुझ्या बाबूजींनी बरोबर एक वर्षाची मुभा दिली होती. "वर्षभर बघू. शाळेत काय करतेस ते एकदा येऊन बघेन, मग ठरवू," असं ते म्हणाले होते, आणि तू ते मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतंस. डब्याच्या वेळी. तुझ्या डब्यात गट्ट्याची भाजी, माझ्या डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा. ठेच्यात लसूण म्हणून तू हात लावायची नाहीस, पण वास असा घ्यायचीस की मला घास गिळवेना. दुसऱ्या दिवसापासून मी लसूण न घालता ठेचा कुटायला लागले. माझ्यासोबत धुळ्यात राहायला आलेली आई म्हणायची, याला काय ठेचा म्हणतात? तू मात्र बोटं चाटायचीस. एवढी एक गोष्ट त्या इंदूनं बरी केली. तिच्या खात्यावर दुसरं काही सापडत नाही.

तुझा तिसरीचा वर्ग आठवतो. खाली शहाबादी फरशी. तू मुलींना फरशीवर उभं करायचीस आणि हाका मारायचीस, "दोन-पाच! चार-एक!" त्या त्या फरशीवर जाऊन ती ती मुलगी उभी राहायची. आडवं आधी, उभं नंतर. दाराशी उभं राहून मी बघायचे आणि मनात म्हणायचे, ही बाई शिकवते की लंगडी खेळते? पण तुझ्या वर्गातल्या मुली नकाशा वाचायच्या, आणि माझ्या चौथीतल्या मुली नकाशात रंग भरायच्या. हा फरक मला तेव्हाही कळत होता. कळत होता म्हणूनच झोंबत होता.

मग मोठ्या बाईंनी ठरवलं की पालक येणार त्या दिवसासाठी मधल्या खोलीच्या भिंतीवर अख्खा खानदेश काढायचा. नद्या, रेल्वे, गावं, सगळं. तू मला कोपऱ्यात घेऊन म्हणालीस, "इंदू, त्या दिवशी बाबूजी येणारेत. हे आपण दोघींनी करू. नीट करू." एवढंच म्हणालीस, पण माझा हात धरला होतास.

छापील नकाशाचा एक लहान कागद होता. त्यावर तू पेन्सिलीनं चौकोन आखलेस, बारा आडवे, नऊ उभे. तितकेच चौकोन मी भिंतीवर आखले, प्रत्येक एक वीत. गेरूत बुडवलेली दोरी दोघींनी ताणून धरायची आणि मधे चिमटीत धरून झटकायची, की भिंतीवर सरळ लाल रेघ. दोन दिवस गेले त्यात. पुढचे दोन दिवस मी कागद हातात घेऊन, चौकोनामागून चौकोन बघत, तापी काढली, गिरणा काढली, पांझरा काढली, रेल्वेचा काळा रूळ काढला. ते सगळं बरोबर आलं. चुकायला नको होतं तिथे मी चुकले नाही, याचा अजून राग येतो. नदी चुकली असती तर गावं तिच्याबरोबर चुकली असती आणि कुणाला पत्ता लागला नसता.

गावं राहिली शेवटच्या दुपारी. वेळ कमी. मी टेबलावर स्टूल ठेवून वर चढले, हातात लाल रंगाची वाटी आणि काडी. तू खाली कागद घेऊन बसलीस आणि आकडे वाचायला लागलीस. "शिरपूर, सहा-सहा. जळगाव, नऊ-चार. बोदवड, अकरा-चार."

बोदवड माझं माहेर. तो ठिपका मी जरा मोठाच दिला.

आता इथे भानगड काय झाली ती आपण दोघींनी पुढे हजार वेळा उगाळली, पण ज्यांनी ती ऐकलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. मी शेतकऱ्याची मुलगी. आमच्याकडे कपाशी लावायची तर शेतात औतानं आधी आडव्या रेघा, म्हणजे काकऱ्या, मग उभ्या काकऱ्या पाडायच्या. काकरी काकरीला जिथे छेदते तिथे सरकी टोबायची. बांधाकडची पहिली काकरी ती एक, पुढची दोन. अकरा म्हणजे अकरावी रेघ. रेघांच्या मधल्या जागेत काहीच नसतं, तिथे तण उगवतं. तू लहानपणापासून मॅटीच्या चौकडीदार कापडावर मोर नि हत्ती भरत आलेली. तुझ्याकडे टाका बसतो घरात. अकरा म्हणजे अकरावं घर, आणि ठिपका त्या घराच्या मधोमध. तू घरं वाचत होतीस, मी रेघा मोजत होते. मोजणी डाव्या-खालच्या कोपऱ्यातून, म्हणून प्रत्येक गाव अर्धं घर डावीकडे आणि अर्धं घर खाली.

आणि तुला ते दिसलं. हेच तर मला पचत नाही. पाच-सहा गावं झाल्यावर तू कागदावरून मान वर केलीस आणि म्हणालीस, "इंदू, थांब गं. जळगाव गिरणेत गेलंय."

मी म्हटलं, "आकडा नीट वाच."

"आकडा नीटच आहे. अर्ध्या घराचा फरक येतोय. ठिपका घराच्या मधे दे ना."

"मधे म्हणजे कुठे? मधे म्हणजे अंदाज. छेद म्हणजे छेद."

तू थोडा विचार केलास. मग म्हणालीस, "बरं, छेदावरच दे. पण मग रेघा सरकव. मागच्या रेघा अर्धं घर उजवीकडे आणि अर्धं घर वर घेऊन नव्या पाडू. मग छेदावर दिलास तरी बरोबर घराच्या मधे पडेल. दोरी मी धरते."

स्टुलावरून मी काय बोलले ते आठवतंय? मला आठवतंय. "दोन दिवस कंबर मोडून पाडलेल्या रेघा आहेत त्या. तुझ्या भरतकामासाठी मी भिंत हलवणार नाही. तू हंगामी आहेस, तू आकडे वाच."

तू आकडे वाचलेस. शेवटपर्यंत, एकेक, स्वच्छ आवाजात.

सकाळी झाडायला आलेली सखूबाई नकाशापुढे झाडू धरून उभी राहिली आणि म्हणाली, "जळगाव नदीमा पडनं ना वं बाई!" मी तिला म्हटलं, "तुला काय कळतं नकाशातलं?" तिला नकाशातलं कळत नव्हतं, जळगावातलं कळत होतं. तिचं माहेर तिकडचं.

पालक आले. बाबूजी आले. पांढरं धोतर, काळी टोपी, हातात छत्री. भिंतीपुढे ते कितीतरी वेळ उभे राहिले. तू त्यांच्या मागे, पदर बोटाला गुंडाळत. खानदेशातल्या एकूण एक स्टेशनावर ज्याचे कापडाचे गठ्ठे उतरतात, त्या माणसाला आपण खानदेश दाखवत होतो. त्यांनी छत्रीचं टोक माझ्या बोदवडवर ठेवलं. मग ते टोक तिथून उचलून रुळावर नेलं. मधे अर्धी वीत.

"बोदवडला गाडी थांबत नाही वाटतं आता," ते हसत म्हणाले. "स्टेशनापासून चार कोस गठ्ठे डोक्यावर न्यायचे?"

सगळे हसले. मोठ्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी आमच्याकडे वळून विचारलं, "आकडे कोणी वाचले?"

मी म्हटलं, "कांचनबाईंनी."

बस. एवढंच. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. आकडे तूच वाचले होतेस. मोठ्या बाईंनी मान हलवली आणि पुढे गेल्या. तू माझ्याकडे बघितलंस. मी भिंतीकडे बघत होते. रेघा कशा सरळ आल्यात ते.

बाबूजी रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते तुला हळू आवाजात म्हणाले, "बेटा, आपल्या घरात मुलगी काही विसरेल, काही सांडेल, पण आकडा चुकत नाही. मग तू मुलींना काय शिकवणार?" मला वाटलं होतं तू आता सांगशील, रेघा इंदूच्या, हट्ट इंदूचा. माझ्या सबबी तयार होत्या. तू माझं नावही न काढता बाबूजींच्या मागोमाग दाराकडे गेलीस.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तू शाळेत आली नाहीस. तिसरीच्या मुली फरशीवर आपापल्या जागी जाऊन उभ्या होत्या, कुणी आकडा पुकारतंय का याची वाट बघत. नवीन बाईंनी त्यांना खाली बसवलं.

पुढच्या वर्षी तुझं लग्न होऊन तू जळगावला गेलीस. आणि तिथून तुझं पहिलं पत्र आलं. मला वाटलं, आता शिव्या येणार. पत्राची सुरुवात होती, "चि. सौ. अकरा-चार हिस." मी तेव्हा सौभाग्यवती नव्हते, तरी सौ. लिहिलंस, आगाऊ! आणि खाली एकच ओळ: घर मोजायचं की रेघ, ते कळव. मी चार पानं कळवलं. रेघच कशी बरोबर, शेतकरी मूर्ख असतात का, वगैरे. असं आपलं भांडण सुरू झालं, आणि मी मूर्ख, मला वाटत राहिलं की हे भांडण म्हणजे क्षमा. भांडतेय म्हणजे रागावलेली नाही.

एकदाच तू त्यापलीकडे गेलीस. आपण मेहरूणच्या तलावाकाठी बसलो होतो, तुझी थोरली मांडीवर झोपली होती, माझी धाकटी चिखल खात होती. आपले फुटाणे संपले होते. तू पाण्याकडे बघत म्हणालीस, "इंदू, तू त्या दिवशी खोटं बोलली असतीस ना, तर मी भांडले असते. तू खरं बोललीस. खऱ्याशी कसं भांडायचं?"

मला तेव्हा काय म्हणायचं होतं ते मला माहीत होतं. दोन शब्द होते. ते सोडून मी म्हटलं, "पण मला सांग, जगात कुठल्या नकाशात घर मोजतात?" तू हसलीस. मुलीला दुसऱ्या मांडीवर घेतलंस. विषय रेघेवर आला आणि माझी सुटका झाली. मी किती हुशार, बघ.

आता दुसरी हुशारी ऐक. ही मी तुला कधीच सांगितली नाही. तुझा फरशीचा खेळ मी चोरला. तू शाळा सोडल्यावर दोन वर्षांनी मला तिसरी मिळाली आणि मी मुलींना फरशीवर उभं करून पुकारायला लागले, "दोन-पाच! चार-एक!" तीस वर्षं पुकारलं. साहेब तपासणीला आले की आधी माझा वर्ग दाखवायचे. इंदूबाईंची पद्धत, असं नाव पडलं होतं. आणि कांचन, त्या तीस वर्षांत एकाही मुलीला मी फरशीच्या सांध्यावर उभं केलं नाही. सगळ्या फरशीच्या मधोमध. आठवडाभर वर्गात घर मोजायचं आणि तुला पत्रात, पुढे फोनवर, तावातावानं सांगायचं की रेघच बरोबर. हे माझ्या लक्षात कधी आलं माहीत आहे? मागच्या बुधवारी.

बुधवारी सई कॉम्प्युटरपुढे बसून दोन दिवस वैतागलेली होती. एका केळीच्या बागेचा आराखडा तिला पडद्यावर काढायचा होता. चित्रं काढायची तयार हत्यारं असतात म्हणे त्यात, लायब्ररी म्हणतात त्याला. आकडे द्यायचे की ती ठिपका काढते. मागे पार्श्वभूमीला चौकोनांची जाळी. आणि झाडं काही केल्या चौकोनात बसत नव्हती. प्रत्येक झाड जाळीच्या छेदावर, कोपऱ्याला चिकटलेलं. "आकडे बरोबर आहेत, तपासले दहा वेळा," ती म्हणत होती, "तरी अर्धा खण सरकतंय सगळं!"

माझ्या तोंडून निघालं, "घर मोजतेस की रेघ?"

ती गर्रकन पडद्याकडे वळली. मग म्हणाली, "आजी, कॉम्प्युटर छेद मोजतोय, मी घरं मोजतेय!" आणि काहीतरी खडखड टाइप केलं. झाडांना हात लावला नाही, आकड्यांना हात लावला नाही. मागची जाळी अर्धं घर सरकवली. सगळी झाडं आपापल्या चौकोनाच्या मधोमध जाऊन बसली, तुझ्या तिसरीच्या मुलींसारखी.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच. मागच्या रेघा सरकवायच्या होत्या."

मी उठले आणि पलंगाखालची पेटी ओढली. तो छापील नकाशाचा कागद, तुझ्या पेन्सिलीच्या चौकोनांचा, माझ्याकडे आहे, कांचन. त्याच दिवशी मी तो उचलून ब्लाउजमध्ये खोचला होता. मोठ्या बाईंनी मागितला तर कुठे गेला कोण जाणे म्हणाले. पुढे तू भांडताना म्हणायचीस, तो कागद असता ना, तर दाखवलं असतं! आणि मी म्हणायचे, हो ना, असता तर! इतकी वर्षं तो पेटीत होता आणि मी एकदाही उलगडला नव्हता. हरायची भीती नव्हती. हरलेय हे माहीत होतं, ते बघायचं नव्हतं.

सईनं कागदाचा फोटो काढून पडद्यावर घेतला. मी आकडे सांगितले, मला पाठ असलेले तेवढेच. सहा-सहा. नऊ-चार. अकरा-चार. आधी ठिपके तिथेच पडले, माझ्या भिंतीवर पडले होते तिथे. जळगाव गिरणेत. मग सईनं मागच्या रेघा अर्धं घर उजवीकडे, अर्धं घर वर घेतल्या. ठिपके नव्या छेदांवर गेले. शिरपूर तापीच्या वर गेलं. जळगाव पाण्यातून बाहेर आलं. आणि बोदवड रुळावर.

बोदवडला गाडी थांबली गं.

सई विचारत होती, आजी, काय झालं, रडतेस कशाला? मी तिला म्हटलं, एक फोन लाव जळगावला. तिनं नंबर काढलाही. मग तिच्या लक्षात आलं, आणि नंतर माझ्या.

तुझ्यावर मी फार चिडले आहे. आठ दिवस थांबली असतीस तर तुझं काय बिघडत होतं? त्या रविवारचे माझे मुद्दे मी फाडून टाकले आहेत. सुनेला तुझ्या आज पत्र लिहिलंय आणि कागदही पाठवतेय, त्या खोलीत बसलेल्या सगळ्या बायकांना दाखव म्हणून. अकरा-चार म्हणजे काय, ते त्या पत्रात लिहिलंय. बाबूजी नाहीत, मोठ्या बाई नाहीत. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं मी अर्धंच उत्तर दिलं होतं. उरलेलं अर्धं घे.

आकडे कांचननं वाचले. एकूण एक बरोबर वाचले. रेघा माझ्या होत्या.